परिचारिकेचे गोंदण

बेळगाव परिसरातील खेड्यांतून येणाऱ्या वयस्क स्त्रियांना सलाईन लावण्यासाठी हात उलटा केला, की शिरेच्या आधी गोंदण दिसते. कोणाच्या हातावर तुळस, कोणाच्या हातावर विंचू किंवा मोर, कपाळावर टिकली, हनुवटीवर एक ठिपका. मराठी बाई त्याला गोंदण म्हणते, कानडी बाई हच्चे म्हणते. काजळीचा हिरवट निळा रंग मात्र दोघींच्या कातडीत सारखाच उतरलेला असतो. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून चाळीस वर्षे काम करताना असे शेकडो हात मी पाहिले आहेत. गोंदण का करून घेतले असे विचारले, तर बहुतेकींचे उत्तर एकच असे: सोने चोर नेतो, बांगड्या फुटतात, मेल्यावर अंगावर राहते ते एवढेच. यातील बांगड्यांचा उल्लेख सहज आलेला नाही. नवरा गेला की कुंकू पुसले जाई, बांगड्या फोडल्या जात, मंगळसूत्र उतरवले जाई. गोंदण मात्र कोणाला उतरवता येत नसे. त्या बाईचे स्वतःचे म्हणून उरणारे तेवढेच लेणे होते.

पुण्याच्या सेवासदनाची स्थापना १९०९ मध्ये झाली आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांत विधवा बऱ्याच होत्या. आपल्या समाजात शुश्रूषेला व्यवसायाची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या त्या आरंभीच्या स्त्रियांच्या ओक्या मनगटांवर बालपणीचे गोंदण नक्की असणार, असे मला नेहमी वाटते. आता शंभरावर वर्षांनी परिचारिकेच्या हातावर गोंदण पुन्हा आले आहे. फरक एवढाच, की ते आईने किंवा आजीने बालपणी धरून बसवून करवलेले नसून नोकरीच्या कमाईतून, हौसेने आणि विचारपूर्वक करवून घेतलेले आहे. आणि त्याचा विषय आहे तिचा व्यवसाय.

ही प्रथा प्रामुख्याने अमेरिका आणि इंग्लंडकडची. अमेरिकेत परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणी झाली, की ‘आर. एन.’ ही दोन अक्षरे मनगटावर गोंदवून घेणाऱ्या परिचारिका पुष्कळ आहेत. तेथे परिचारिकांच्या नोंदणीचा पहिला कायदा नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९०३ साली झाला, म्हणजे त्या दोन अक्षरांमागेही एक लढा आहे. कोणी पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर गोंदवते, कोणी निवृत्तीच्या दिवशी. इंग्लंडमध्ये या हौसेला एका सरकारी नियमाने नकळत हातभार लावला. जंतुसंसर्ग रोखण्यासाठी तेथील आरोग्य खात्याने २००७ साली रुग्णसेवेत कोपराखाली हात उघडा ठेवण्याचा दंडक घातला. लांब बाह्या गेल्या, मनगटी घड्याळे गेली, अंगठ्या गेल्या. उरला तो उघडा हात आणि त्यावर असलेच तर गोंदण. घड्याळाच्या पट्ट्याखाली जंतू राहतात, भरून आलेल्या गोंदणात राहत नाहीत, हे आपण सारे जाणतो. तरीही आपल्याकडील एका खाजगी रुग्णालयाने मुलाखतीला गेलेल्या एका गुणी मुलीला केवळ मनगटावरच्या गोंदणामुळे परत पाठवले. मुलाखत घेणाऱ्यांच्या हातांत अंगठ्या होत्या की नाही, हे तिने मला सांगितले नाही.

या गोंदणांत कोणती चिन्हे वापरली जातात, हे मी गेली काही वर्षे कुतूहलाने पाहत आले आहे. परदेशी स्थायिक झालेल्या आमच्या जुन्या विद्यार्थिनी छायाचित्रे पाठवतात, येथील मुली प्रत्यक्ष हात पुढे करतात. पाहता पाहता एक गोष्ट लक्षात आली. परिचारिकेच्या हातावरची बहुसंख्य चिन्हे मुळात परिचारिकेची नाहीतच. ती तिने कोणाकडून ना कोणाकडून उसनी घेतली आहेत.

सापाचेच पाहा. दोन सापांचा वेढा आणि वर पंख असलेला दंड अमेरिकन परिचारिकांच्या गोंदणात सर्वाधिक दिसतो. हा दंड ग्रीक देव हर्मीस याचा. हर्मीस म्हणजे देवांचा निरोप्या, व्यापाऱ्यांचा आणि चोरांचाही पाठीराखा. शिवाय मृतांचे आत्मे परलोकी पोचवण्याचे काम त्याच्याकडे. वैद्यकाचा खरा देव अस्क्लेपियस, आणि त्याच्या साध्या काठीला वेढा घालणारा साप एकच, पंखही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या बोधचिन्हावर आहे तो हाच. गोंधळ पक्का झाला तो १९०२ साली, जेव्हा अमेरिकन सैन्याच्या वैद्यकीय दलाने हर्मीसचा दंड गणवेशावर घेतला. वॉल्टर फ्रीडलँडर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अमेरिकेतील वैद्यकीय बोधचिन्हांची पाहणी दिली आहे. व्यावसायिक संघटनांपैकी ६२ टक्के संघटनांनी अस्क्लेपियसची काठी वापरली होती, तर धंदेवाईक कंपन्यांपैकी ७६ टक्के कंपन्यांनी हर्मीसचा दंड. कंपन्यांची निवड अगदीच चुकीची होती असे म्हणवत नाही! परंतु साप एक असो वा दोन, तो डॉक्टरांचा. परिचारिकेने तो हातावर का वागवावा, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

लाल क्रॉस हे युद्धभूमीचे चिन्ह. स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलटे करून १८६४च्या जिनिव्हा करारात ते स्वीकारले गेले. भारतात १९६०च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार त्याचा अनधिकृत वापर करता येत नाही. आपल्यापैकी अनेकांनी गाडीच्या काचेवरून ते उतरवले ते याच कारणाने. शिवाय गोंदणाच्या रंगांत त्वचेला सर्वांत जास्त वावडे येते ते लाल रंगाचेच. तेव्हा या चिन्हाविरुद्ध कायदा आणि त्वचाविज्ञान दोन्ही उभे आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

दिव्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे आणि मला प्रिय आहे. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ स्त्रियांसह तुर्कस्तानातील स्कुटारीच्या सैनिकी रुग्णालयात पोचल्या. रात्री हातात दिवा घेऊन एकट्याने फिरणाऱ्या या बाईचे वर्णन १८५५च्या फेब्रुवारीत ‘टाइम्स’मध्ये आले, त्याच महिन्यात एका सचित्र साप्ताहिकाने चित्र छापले, आणि १८५७ साली अमेरिकन कवी लाँगफेलो यांनी कविता लिहिली. दिवा अजरामर झाला. पण कोणता दिवा? परिचारिकांच्या बिल्ल्यांवर, महाविद्यालयांच्या बोधचिन्हांवर आणि आता दंडांवर दिसतो तो लांब चोचीचा, कान धरावयाचा तेलाचा दिवा. अल्लाउद्दिनाच्या गोष्टीतला म्हणा ना. तसा दिवा उघड्या व्हरांड्यातून चालताना दहा पावलेही तेवत राहिला नसता. स्कुटारीला वापरात होता तो तुर्की कंदील, आत मेणबत्ती आणि भोवती घडी घालता येणारे मेणकापडाचे नळकांडे. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या आवारातील नाइटिंगेल संग्रहालयात तो पाहावयास मिळतो. त्याचे तुर्की नाव फानूस. वाचकहो, हा शब्द आपल्याला परका नाही. फारसीतून तो मराठीत आला आणि फाणस झाला. आमच्या लहानपणी घरातील वडीलधारी माणसे कंदिलाला फाणसच म्हणत. म्हणजे नाइटिंगेलबाईंच्या हातातील वस्तूला इंग्रजीत धड नाव नसताना मराठीत मात्र ते जुन्या पेटीत घडी घालून ठेवलेले होते.

कोणी म्हणेल, दिव्याच्या आकाराने एवढे काय बिघडते? माझ्या मते बरेच बिघडते. चोचीचा दिवा हा समईसारखा पूजेचा दिवा आहे. तो धरणारी देवता होते. फाणस हे अवजार आहे. ते वाऱ्यात टिकते, घडी घालून ठेवता येते, त्याच्या उजेडात जखमेचा रंग दिसतो. नाइटिंगेलबाईंना देवता करून जगाने त्यांचे खरे काम झाकून टाकले. सैनिक गोळ्यांनी मरतात त्याहून अधिक रोगांनी मरतात, हे त्यांनी १८५८ साली रंगीत पाकळ्यांच्या आकृत्या काढून सरकारपुढे मांडले आणि त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद झाल्या. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत, पण येथील पाणी, गटारे आणि दुष्काळ यांविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्या पाकळ्यांची आकृती कोणी गोंदवून घेतली, तर तो हात मी आदराने पाहीन.

टोपीविषयी फार लिहिण्याजोगे नाही. पांढरी कडक टोपी जोगिणींच्या मस्तकवस्त्रातून आली आणि बहुतेक रुग्णालयांतून ती गेलीही. गोंदणात ती आठवण म्हणून उरली आहे. शपथेच्या ओळी गोंदवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की नाइटिंगेलच्या नावाने घेतली जाणारी शपथ त्यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ मध्ये डेट्रॉइट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने तयार केली.

हृदयाच्या आलेखाची रेघ हल्ली सर्वत्र दिसते. परिचारिका नसलेलेही ती गोंदवून घेतात आणि तेथेच फरक कळतो. हौशी माणसाच्या हातावर नुसती उंच टोके असतात, डोंगरांच्या चित्रासारखी. अतिदक्षता विभागात वर्षे घालवलेल्या परिचारिकेची रेघ पाहावी: टोकाआधीची छोटी लाट, टोक, मग पुढची जरा रुंद लाट, आणि दोन ठोक्यांतील अंतर सारखे. हैदराबादला काम करणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीच्या हातावरील रेघेत मधेच एक ठोका वेळेआधी पडलेला आहे. ‘हे चुकले की काय?’ असे मी फोनवर विचारले, तर म्हणाली, ‘नाही मॅडम, तो माझ्या वडिलांचा कागद आहे.’ पुढे मी काही विचारले नाही. मानसोपचार विभागातील काही परिचारिका अर्धविराम गोंदवतात. २०१३ साली अमेरिकेत एमी ब्लूएल यांनी सुरू केलेल्या चळवळीचे ते चिन्ह. जेथे लेखक वाक्य संपवू शकला असता पण त्याने संपवले नाही, तेथे अर्धविराम येतो, असा त्यामागचा विचार. प्रसूती विभागातील परिचारिका तान्ह्या बाळाच्या पावलांचे ठसे घेतात. ही चिन्हे मला जवळची वाटतात, कारण ती देवळातून किंवा सैन्यातून आलेली नाहीत. ती ड्यूटीवर मिळालेली आहेत.

या संदर्भात आमच्या एका सिस्टरांविषयी लिहिले पाहिजे. नाव त्यांना आवडणार नाही म्हणून लिहीत नाही. प्रसूती विभागात माझ्याबरोबर त्यांनी सव्वीस वर्षे काम केले. त्यांच्या उजव्या हातावर आजीने गोंदवून घेतलेली तुळस आहे. सोळा-सतराव्या वर्षी प्रशिक्षणाला गेल्या, तेव्हा तेथील एका शिक्षिकेने ‘हे गावठी काय?’ म्हणून तुळस झाकावयास लावली. तीन वर्षे त्या उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा पोलका घालून वावरल्या. निवृत्तीच्या वेळी रीतीप्रमाणे शाल, श्रीफळ आणि चार भाषणे झाली. रुग्णालयाच्या दारातील कोनशिलेवर मंत्र्यांचे नाव आहे, देणगीदारांचे आहे, आम्हा डॉक्टरांच्या नावांच्या पाट्या भिंतीवर आहेत. सिस्टरांचे नाव होते ते फक्त ड्यूटीच्या तक्त्यावर, आणि तो दर महिन्याला बदलतो.

निवृत्तीनंतर आठ-दहा दिवसांनी त्या घरी आल्या आणि हात पुढे केला. तुळशीच्या शेजारी एक घड्याळ होते. इंग्लंडमधील एका विद्यार्थिनीने त्यांना परिचारिकांचे छातीवर लावण्याचे घड्याळ पाठवले होते, त्याचे चित्र. हे घड्याळ छातीवर उलटे लटकते, म्हणजे मान खाली घातली की घालणाऱ्याला ते सुलटे दिसते. नाडी मोजताना दोन्ही हात मोकळे राहतात. सिस्टरांनी ते हातावरही तसेच काढून घेतले होते. त्यांना सुलटे, समोरच्याला उलटे. गोंदणाऱ्या मुलाने विरोध केला होता, लोकांना उलटे दिसेल म्हणाला.

‘मग?’

‘म्हटलं, असू दे की. बघायचंय मला.’

काट्यांवर आठ वाजले होते. मी मनातल्या मनात पहिल्या बाळंतपणाची वेळ, कोणाचा तरी मृत्यू, असे काहीबाही शोधत होते. आठच का, असे विचारले तेव्हा त्या हसल्या. ‘रात्रपाळीची ओव्हर दिली की आठला घरी जायला मिळायचं, मॅडम. त्याच्यापेक्षा चांगली वेळ कुठली आहे?’

ओव्हर देणे हा शब्द प्रत्येक वॉर्डात रोज तीनदा ऐकू येतो. कुठल्या खाटेवर कोण, कोणाला काय चालू आहे, कोणाचा ताप उतरला नाही, हे जाणारी पाळी येणाऱ्या पाळीच्या हाती सोपवते. गोंदण त्वचेत टिकते कसे, याविषयीचे नवे संशोधन वाचताना मला हाच शब्द आठवला. सुईने शाई त्वचेच्या आतल्या थरात जाते आणि तेथील मॅक्रोफेज म्हणजे भक्षकपेशी ती गिळून बसतात, एवढे पूर्वीपासून ठाऊक होते. या पेशी जन्मभर जगतात म्हणून गोंदण जन्मभर टिकते, असे समजले जाई. फ्रान्समधील मार्सेय येथील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून निराळेच दाखवून दिले. त्यांनी शाई धरून बसलेल्या पेशी मारून टाकल्या, तरी गोंदण तसेच राहिले. मरणारी पेशी शाई सोडते आणि तिच्या जागी आलेली नवी पेशी ती लगेच उचलते. एकाही पेशीने शाई जन्मभर सांभाळलेली नसते. सांभाळते ती पाळी.

आता थोडे कामाचे. आपल्या सावळ्या त्वचेत बारीक रेघा वर्षानुवर्षे किंचित फाकत जातात, म्हणून आलेखाचे बारीक चौकोन किंवा मुंगीएवढी अक्षरे दहा वर्षांनी डागासारखी दिसू लागतात. चित्र मोठे आणि मोकळे असावे. छातीचा मध्यभाग आणि खांद्याचा वरचा भाग येथे व्रण फुगण्याची प्रवृत्ती असते, ती ठिकाणे टाळावी. पूर्वी कुठे व्रण फुगला असेल, तर गोंदणच टाळावे. सुई नवी आणि पाकीट डोळ्यांदेखत फोडलेले असावे, आणि शाई ओतण्याची वाटीही नवी असावी, कारण सुई बदलून जुन्याच शाईत बुडवली तर काय होते, हे परिचारिकेला सांगावयास नको. काविळीच्या ‘ब’ प्रकाराची लस घेतलेली असावी; ‘क’ प्रकाराला आणि एचआयव्हीला लस नाही. हातावर गोंदवल्यास खपल्या पडून त्वचा पूर्ण भरून येईपर्यंत दोन-तीन आठवडे वॉर्डात जाऊ नये. साठवलेली रजा त्यासाठी खर्च करावी. काढून टाकण्याचा विचार मनात असेल, तर गोंदवू नये हे उत्तम. लेसरने काळा रंग बराच जातो, पण अनेक खेपा लागतात. हिरवा आणि पिवळा चिवट असतो.

राहिला रक्तदानाचा प्रश्न, जो दरवर्षी १२ मे रोजी परिचारिका दिनाच्या शिबिरात निघतो. राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषदेच्या २०१७च्या निकषांप्रमाणे गोंदवल्यानंतर बारा महिने रक्त देता येत नाही. आमच्या सिस्टर गेल्या वर्षी शिबिरात आल्या, तेव्हा त्यांना याच कारणाने परत फिरावे लागले. त्या परत गेल्या नाहीत. नोंदणीच्या टेबलाशी बसून संध्याकाळपर्यंत येणाऱ्यांचा रक्तदाब मोजत राहिल्या, आणि जाताना टेबल दुसऱ्या सिस्टरांच्या हवाली करून, कोणत्या दोन मुलांना चक्कर आली होती ते सांगून गेल्या.